लाईट गेली तर?

कळमन्यातल्या गोपाळरावांच्या दालमिलमध्ये एक जुनी रीत होती. पॅनलमध्ये नवीन काहीही बसवायचं असो, अगदी साधा स्विच का असेना, आधी रुपराव मिस्त्रीची सही लागायची. गोपाळरावांच्या वडिलांनी ही रीत घालून दिली होती आणि तिच्यामागे कारण होतं. मिलमधल्या नव्या लोकांना ते माहीत नव्हतं. रुपरावला माहीत होतं आणि त्याच्या बायकोला, प्रेमिलाला, माहीत होतं. प्रेमिला मागच्या सप्टेंबरात वारली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिलचा पीएलसी तिसऱ्यांदा बंद पडला. पीएलसी म्हणजे पॅनलमधला एक लहानसा डब्बा. कोणती मोटर आधी सुरू करायची, कोणती मागून, तेल-पाणी लावलेली तूर टाकीत किती तास मुरू द्यायची, हे सगळं तो पाहतो. मिलमधले लोक त्याला नुसतं 'डब्बा' म्हणत. एकोणीस वर्षं तो चालला होता. आता त्याच्या कंपनीनं तो बनवणं बंद केलं होतं आणि जुन्या बाजारातही तसा मिळत नव्हता.

"किती दिवस काढन हा?" गोपाळरावांनी विचारलं.

"समोर पंखा लावून ठेवला तर पंधरा दिवस. पुढचा काई भरवसा नाही, मालक."

"तुरीचा सीझन आहे, रुपराव. चाळीस माणसं बसून राहतीन. मी एकीला बोलावलं आहे हिंगण्याहून. नवा डब्बा आणते म्हणाली. तुम्ही पाहून घ्या, आणि सही करून टाका."

सही करून टाका, हे ते सहज बोलले. रुपरावला ते सहज वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात एक मुलगी स्कूटीवर आली. डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळलेलं. ओढणी सोडल्यावर तिनं आधी अर्धी बाटली पाणी पिऊन टाकलं, मग नाव सांगितलं. गुंजन. वय असेल सव्वीस-सत्तावीस. हिंगण्याच्या एमआयडीसीत तिचं स्वतःचं लहानसं काम होतं. पिशवीतून तिनं एक हिरवट डब्बा काढून टेबलावर ठेवला. जुन्याच्या निम्माही नव्हता.

"कोन्या कंपनीचा म्हनता?"

तिनं नाव सांगितलं. रुपरावनं ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा जीभ अडली.

"कधी ऐकलं नाही बा."

"इकडं नवीन आहे, काका. पण चांगला आहे."

"चांगला कोन म्हन्ते? इकनाराच म्हन्ते न?"

गुंजन हसली. "मग तुम्हीच बघा न. आठ दिवस ठेवा तुमच्याजवळ. ठोका, तापवा, काय करायचं ते करा. तुमचा जुना प्रोग्राम मी याच्यात जसाच्या तसा टाकून देते."

पूर्वी अशी नवी वस्तू आली की रुपराव ती संध्याकाळी घरी, इंदोऱ्याला, घेऊन जायचा. प्रेमिला चहा ठेवायची. तो तिला सगळं सांगायचा, ही तार इकडं जाते, ही तिकडं. तिला वायरिंगमधलं काहीही कळत नव्हतं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची, "लाईट गेली तर?" उत्तर देता आलं तर तो सही करायचा. नाही आलं तर वस्तू परत जायची. तीस वर्षांत टायमर, स्टार्टर, मीटर, सगळं या एका प्रश्नातून गेलं होतं.

आता घरी विचारणारं कोणी नव्हतं. तिच्या पुण्यानुमोदनानंतर महिनाभरातच त्यानं तिच्या वस्तू पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या. साड्या, चष्मा, ती त्याला भरून द्यायची तो दोन खणांचा जेवणाचा डबा. डोळ्यांपुढे नसलं म्हणजे हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पण पोतं पुन्हा काढायचं धाडसही झालं नाही. दुपारी तो मिलसमोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायचा आणि पोट भरलं असं समजायचा.

यावेळी त्यानं डब्बा घरी नेलाच नाही. मिलमध्येच प्लायवूडच्या फळीवर आठ बल्ब बसवले आणि प्रत्येकाखाली खडूनं लिहिलं. कुठं सफाई, कुठं रोलर, कुठं एलिव्हेटर. खऱ्या मोटरीऐवजी हे बल्ब लागणार आणि विझणार. मग तो डब्ब्याच्या मागे लागला. पहिल्या दिवशी टिनाच्या शेडमध्ये, बंद पेटीत, भर दुपारी ठेवला. बाहेर शेहेचाळीस होतं, आत किती होतं कोण जाणे. डब्बा चालत राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारी वेल्डिंग मशीन चालवलं. बल्ब जराही थरथरला नाही. तिसऱ्या दिवशी व्होल्टेज उतरवलं, चढवलं. चौथ्या दिवशी सूप भरून तुरीचा भुसा त्याच्यावर पाखडला.

एलिव्हेटरवर काम करणारी कामिनी कमरेवर हात ठेवून पाहत होती.

"भाऊ, पोरगी पाहाले आले का तिची परीक्षा घेऊन राहिले? डब्बा बी घाबरला असंन."

"पोरगी पाहनं सोपं असते वं. तिले इचारता तरी येते."

"आन् तिनं उलटं तुमाले इचारलं तर?"

सगळ्या बाया हसल्या. रुपरावही हसला. किती दिवसांनी हसलो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं लगेच पक्कड उचलली.

पाचव्या दिवशी गुंजन आली, गोपाळरावही येऊन उभे राहिले. आठही बल्ब लागलेले होते. रुपराव म्हणाला, "आता शेवटचं. लाईट घालवतो."

त्यानं मेन स्विच पाडला. बल्ब विझले. दहा आकडे मोजून स्विच वर केला.

डब्ब्यावरचा हिरवा ठिपका लागला. क्षणभर काही झालं नाही. मग एकामागून एक, कोणी बटणाला हात न लावता, आठही बल्ब लागले.

"वा!" गोपाळराव म्हणाले. "म्हणजे लाईट आली की मिल आपोआप सुरू? आता किती वेळ जातो आपला, एकेक मोटर चालू करत फिरण्यात!"

गुंजनही खूश झाली होती. "जिथं थांबलं होतं तिथूनच सुरू झालं, सर. जुन्यात हे नव्हतं."

रुपरावची नजर चौथ्या बल्बवर होती. त्याच्याखाली खडूनं लिहिलं होतं, एलिव्हेटर दोन.

"हे नाही चालत, मालक," तो म्हणाला.

"काहून?"

"आपोआप सुरू होते म्हून."

"अहो, तेच तर पाहिजे न आपल्याले!"

"मी सही नाही करत."

गोपाळराव काही बोलणार होते, पण रुपरावचं तोंड पाहून थांबले. "उद्यापर्यंत विचार करा," म्हणाले आणि ऑफिसात गेले. गुंजन तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचाच राग येत होता.

"काका, पाच दिवस तुम्ही म्हणाल ते केलं. एकाही टेस्टमध्ये तो फेल नाही झाला. नाव माहीत नाही म्हणूनच नको म्हणून राहिले न तुम्ही? खरं सांगा."

"नावाचं काई नाही, बाई. चाल माझ्यासंग."

तो तिला एलिव्हेटरजवळ घेऊन गेला. तूर तळातून वर माळ्यावर नेणारा हा उंच पत्र्याचा उभा खोका. आत पट्टा फिरतो आणि पट्ट्यावर लहान लहान लोखंडी बादल्या बसवलेल्या असतात. अगदी तळाशी एक पेटी, तिला मिलमध्ये बूट म्हणतात. तूर आणि भुसा तिथं साचून तुंबतो. बुटाला हात जाईल एवढी झडप असते.

"हे साफ कधी करते, सांग."

"मशीन बंद करून करत असतील."

"मशीन बंद केलं तर मालक ओरडते. लाईट गेली की साफ करते. लाईट गेली म्हंजे सगळं बंद, कोनी बोलत नाही. आवाज थांबला की बाया उठते, झडप उघडते आन् कोपरापर्यंत हात घालते. याच मिलमंदी नाही, सगळ्याच मिलमंदी असंच आहे. मी बोर्ड लावला, हात घालू नका म्हून. वाचते कोन?"

गुंजन झडपेकडे पाहत राहिली. मग तिला आठ बल्ब आठवले असावेत, कारण तिनं आपला हात नकळत पाठीमागे नेला.

रुपराव तिथंच एका पोत्यावर बसला. हे त्यानं आजवर कोणाला स्वतःहून सांगितलं नव्हतं.

"मी तेवीस वर्साचा होतो. तवा डब्बा-गिब्बा नव्हता. साधा स्टार्टर. लाईट गेली की मोटर बंद पडे, लाईट आल्यावर हिरवं बटन दाबा लागे. मी लई हुशार. बटनात आगपेटीची काडी ठोकून ठेवली, म्हंजे दाबलेलंच राह्यते. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. मालकाच्या बापानं पाठ थोपटली माझी. आठव्या दिवशी एका पोरीनं बुटात हात घातला आन् लाईट आली."

"मग?"

"डाव्या हाताचं एक बोट गेलं. दोन कांडे. प्रेमिला नाव तिचं. रोज मेडिकलच्या दवाखान्यात जाऊन बसो मी तिच्याजवळ. ते बोलेच नाही. महिन्यानं हिंमत करून लगनाचं इचारलं, तर म्हन्ते कशी, 'बोट नेलं तवा इचारलं नाही, आता हात मागाले आला काय गा?'"

गुंजनला हसू आवरलं नाही. रुपरावनंही मान हलवली. "बत्तीस वर्सं संसार केला. कधी टोमना नाही मारला. फक्त नवीन काई आनलं का इचारे, लाईट गेली तर?"

रोलरचा आवाज चालू होता.

"पण काका," गुंजन हळूच म्हणाली, "प्रोग्राम तर तुमचा जुनाच आहे. जुना डब्बा असं करत नव्हता. मग हा का करतो?"

हा प्रश्न रुपरावला बरोबर वाटला. वस्तू वाईट आहे म्हणायचं तर का वाईट, हे माहीत पाहिजे. ती दोघं परत फळीशी गेली. डब्ब्याच्या आत हजारो खाने असतात, प्रत्येकाला नंबर असतो, प्रोग्राम त्यांच्यात एकेक गोष्ट लिहून ठेवतो, असं गुंजननं सांगितलं. रुपराव म्हणाला, मग एकेक खाना लावून पाहू, लाईट घालवू, कोणता विसरतो आणि कोणता विसरत नाही ते पाहू. लॅपटॉपवर ती नंबर टाकायची, तो स्विच पाडायचा. शंभर विसरला. दोनशे विसरला. चारशे विसरला. पाचशे विसरला नाही. पाचशे एक, पाचशे दोन, कोणीच विसरलं नाही.

गुंजननं डब्ब्यासोबत आलेलं पुस्तक उघडलं. एकशे बाराव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पाचशेपासून पुढचे खाने लाईट गेली तरी लक्षात ठेवतात. जुन्या कंपनीच्या डब्ब्यात तेच खाने साधे होते आणि जुन्या प्रोग्राममध्ये सगळ्या मोटरी नेमक्या पाचशेच्या पुढे लिहिलेल्या होत्या.

"मी जसाच्या तसा टाकला," ती म्हणाली. "पान वाचलंच नाही मी. आणि वर तुमच्यापुढे त्याची तारीफ केली."

"मी बी काडी ठोकली होती न. तुह्यानं तर फळीवरचे बल्बच लागले." रुपराव उठला. "डब्बा खोटा नाही. सांगितलं ते करते तो. आता असं कर, त्याले सगळंच इसरू दे. लाईट गेली की पाटी कोरी."

"सगळं नाही, काका. मोटरी विसरू देते. पण तूर किती तास मुरली, ते त्याला लक्षात राहू द्या."

"काई नको. सगळं पुसून टाक. लक्षात ठेवनंच खराब."

हे तो जरा जोरात बोलला. टाकीकडे चाललेली कामिनी थांबली.

"भाऊ, इकडं या जरा," ती म्हणाली.

तिनं दोघांना टाकीमागे नेलं. भिंतीवर हातभर उंचीपर्यंत खडूच्या रेघा होत्या, पुसलेल्या, पुन्हा ओढलेल्या.

"एका तासाची एक रेघ. जुना डब्बा लाईट गेली की सगळं इसरते. दहा तास मुरलेली तूर असन तरी म्हन्ते पह्यल्यापासून सुरू. म्हून आमी बाया रेघा मारतो, आन् डब्बा काई म्हनो, रेघा भरल्या की टाकी खोलतो. कधी एखादी रेघ हुकते, मंग दाल फुटते आन् बोलनी आमाले बसते. प्रेमिलाबाई इथं कामाले होती तवापासून हे चालू आहे. तिनंच शिकवलं मले. तुमाले माहीत नव्हतं?"

रुपरावला माहीत नव्हतं. टाकीच्या मागे तो कधी आला नव्हता. तो भिंतीजवळ उभा राहिला. रेघांच्या अगदी खाली, रंग उडालेल्या जागी, काही जुन्या रेघा खिळ्यानं कोरलेल्या होत्या. त्या कोणाच्या, हे त्यानं विचारलं नाही.

"ठीक आहे," तो गुंजनकडे वळून म्हणाला. "तास लक्षात राहू दे. मोटरी इसरू दे."

दुसऱ्या दिवशी गोपाळरावांच्या ऑफिसात त्यानं आपल्या अटी सांगितल्या. लाईट आली की आधी दहा सेकंद भोंगा वाजेल. भोंगा थांबला तरी एकही मोटर आपणहून हलणार नाही. प्रत्येक बुटाच्या झडपेशेजारी एक बटण बसेल. झडप उघडी असेल तर ते चालणार नाही. ज्याचा हात आत होता, त्यानंच हात काढून, झडप लावून ते दाबायचं.

"आणि आपोआप सुरू होणं?" गोपाळरावांनी विचारलं.

"ते नाही."

"दोन-चार मिनिटं जातीन, रुपराव, दरवेळी."

"जातीन."

गोपाळरावांनी चष्मा काढून पुसला. ते लहान होते तेव्हा एक दिवस वडील रक्त लागलेल्या शर्टानं घरी आले होते आणि जेवले नव्हते, एवढं त्यांना आठवत होतं.

"बटणं बसवा," ते म्हणाले.

ज्या दिवशी नवा डब्बा पॅनलमध्ये चढला, त्या दिवशी सकाळी घरी रुपराव स्टूल घेऊन माळ्याशी गेला. पोत्याची गाठ सुटेना, शेवटी त्यानं ती पकडीनं तोडली. दोन खणांचा डबा काढला, घासला. एका खणात भात भरला आणि दुसऱ्यात वांग्याची भाजी, जी खाली लागली होती.

दुपारी साडेतीनला वारा सुटला, कुठंतरी फांदी पडली असेल, आणि लाईट गेली. अख्खी मिल गप्प झाली. रुपराव पॅनलजवळ उभा होता. त्यानं पाहिलं, कामिनी सवयीनं उठली, एलिव्हेटर दोनच्या बुटाशी बसली, झडप उघडली आणि तिचा हात कोपरापर्यंत आत गेला. त्याला ओरडावंसं वाटलं. तो ओरडला नाही. आज नाही तर उद्या ती हात घालणारच होती, तो नसतानाही. त्यानं फक्त मिल थांबवायच्या लाल बटणावर तळहात ठेवला.

सात-आठ मिनिटं गेली. मग पॅनलमधला हिरवा ठिपका लागला.

भोंगा वाजला, लांब आणि कर्कश. कामिनी दचकून मागं झाली. भोंगा थांबला. पट्टा हलला नाही, रोलर हलला नाही. छताखाली चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली गुंजन पडद्याकडे वाकली आणि म्हणाली, "दोन नंबरची टाकी, तीन तास चाळीस मिनिटं. लक्षात आहे त्याला."

रुपरावनं ऐकलं, पण तो तिकडं पाहत नव्हता. कामिनी उठली, दोन्ही हात झटकले, भुसा उडाला. त्यानं मनातल्या मनात तिची बोटं मोजली. दहाची दहा होती. तिनं पायानं झडप लोटली, खटका बसवला आणि बटण दाबलं. एलिव्हेटर सुरू झाला.

"भाऊ, हा भोंगा काई चांगला नाही बरं," ती ओरडून म्हणाली. "जीव गेला असता माझा!"

"नाही गेला न?"

"भेवानं जाते कदी तरी!"

रुपरावनं खिशातून पेन काढला आणि पॅनलच्या दारावर टेकवून कागदावर सही केली. कंपनीचं नाव लिहायच्या जागी त्यानं गुंजनला अक्षरं विचारून विचारून नाव लिहिलं, एकही अक्षर न गाळता.

मग तो डबा उघडून पोत्यावर बसला. दुपार टळून गेली होती, पण त्याला आता भूक लागली होती. कामिनीनं भाजी पाहून नाक मुरडलं आणि आपल्या डब्यातली लोणच्याची फोड त्याच्या भातावर टाकली. गुंजन निघता निघता ओढणी गुंडाळत थांबली.

"काका, पुढच्या आठवड्यात जरीपटक्याला एका बेकरीत हाच डब्बा लावायचा आहे. तुम्ही याल का सोबत, तपासायला?"

रुपरावनं घास चावून संपवला.

"तिथं लाईट गेली की लोकं काय करते?"

गुंजन विचारात पडली. "नाही माहीत."

"मंग पह्यले ते पाहू," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी ये घ्याले. इंदोरा चौकात उभा राहीन."